मेलची फाइल कुठे ठेवावी?

कार्यालयातल्या संगणकांची देखभाल करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. माणसाची प्रोफाइल आणि त्याच्या मेलची फाइल यांची सोय एकाच नियमाने लावता येत नाही. विंडोजच्या रोमिंग प्रोफाइलमागची कल्पना चांगली आहे. कर्मचारी कोणत्याही टेबलावर बसला तरी लॉग-ऑन करताच त्याची प्रोफाइल सर्व्हरवरून त्या संगणकावर उतरते आणि लॉग-ऑफ करताना तिच्यातले बदल सर्व्हरवर परत जातात. सेटिंग्जच्या लहान लहान फाइलींसाठी हे ठीक चालतं. आउटलुक ज्यात मेल साठवतं ती पीएसटी फाइल मात्र वर्षानुवर्षं फुगत जाते. आउटलुक २००३च्या आधीच्या फाइलींना २ जीबीची मर्यादा होती. आउटलुक २०१०पासून ती ५० जीबी झाली. शिवाय ती प्रोफाइलमध्ये असली, तर एक मेल आला तरी अख्खी फाइल बदललेली धरली जाते आणि पुन्हा पूर्ण कॉपी होते. १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवर ५ जीबीच्या फाइलीला, वाट मोकळी असली तरी, साडेसहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. सकाळी सगळे एकाच वेळी कामाला बसतात तेव्हा वाट मोकळी नसतेच. कंटाळून कोणी मधेच संगणक बंद केला, तर सर्व्हरवर जुनीच प्रत राहते.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे पीएसटी सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच उघडायची. तो मला त्याहून घातक वाटतो. आउटलुक या फाइलीत सतत बारीकसारीक लिहीत असतं आणि लिहिताना नेटवर्क क्षणभर तुटलं तरी फाइल बिघडू शकते. ती दुरुस्त करायला स्कॅनपीएसटी हे साधन आहे, पण त्याने प्रत्येक मेल परत मिळेलच असं नाही. नेहमीच्या कार्यालयीन संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनेही ही पद्धत वर्ज्यच सांगितली आहे.

मग बॅकअपचं काय, हा आक्षेप रास्त आहे. संगणकाची हार्ड डिस्क गेली तर मेलही जाईल. पण बॅकअपसाठी सर्व्हरवर प्रत असली की पुरतं, चालू फाइल तिथे असण्याची गरज नाही. आउटलुक बंद असताना रात्री त्या फाइलीची प्रत सर्व्हरवर घ्यावी. दुसरा आक्षेप जागा बदलणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी मूळ मेलच मेल-सर्व्हरवर हवेत, एक्स्चेंजवर किंवा आयमॅपवर. तेव्हा संगणकावर उरते ती ओएसटी फाइल, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची प्रत. मेल सर्व्हरशी जुळलेले असतील, तर ती गेली तरी नव्याने तयार होते. विंडोजमध्ये ती ॲपडेटातल्या लोकल फोल्डरमध्ये असते आणि हा फोल्डर प्रोफाइलबरोबर फिरत नाही, हे मुद्दामच ठरवलेलं आहे. खर्चाची सबब छोटी कार्यालयं सांगतात. पण पॉपवर, म्हणजे मेल संगणकावर उतरवून, चालणाऱ्या मेल-खात्याला बहुतेक वेळा आयमॅपही मिळतो, फक्त मेलबॉक्सची मर्यादा सांभाळावी लागते. त्यासाठी जुने मेल वर्षवार पीएसटीत काढावेत आणि बंद केलेल्या त्या फाइलींची प्रत सर्व्हरवर जपावी.

हे सगळं कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये. दस्तऐवज फोल्डर रिडायरेक्शनने सर्व्हरवर न्यावेत, पण आउटलुक २०१०पासून नवी पीएसटी बहुधा डॉक्युमेंट्समध्येच तयार होते आणि तो फोल्डर सर्व्हरवर वळवला की मेलची फाइलही नकळत तिकडे जाते, हे विसरू नये. म्हणून नवी फाइल कुठे तयार व्हावी हे ग्रुप पॉलिसीतून आधीच ठरवून टाकावं. प्रत्येक व्यवस्थापकाला माझी विनंती आहे की आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन डेटा फाइल्सची यादी बघा. तिथला पत्ता सर्व्हरच्या नावाने किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल, तर आउटलुक बंद करून आधी फाइलीची प्रत घ्या. मग ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर हलवा आणि आउटलुकला नवी जागा दाखवा. फाइल बिघडेपर्यंत थांबू नका.