तुलेस जाताना समोवर

निरर्थक खटाटोपास इंग्रजीत 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' असे म्हणतात. टाइन नदीच्या काठी वसलेल्या त्या शहरातून शतकानुशतके गलबते भरभरून कोळसा लंडनास जात असे. तेथेच कोळशाचे पोते घेऊन जाणाऱ्यास शहाणा कोण म्हणेल? रशियन मनुष्यास हीच गोष्ट सांगावयाची झाली, तर तो न्यूकॅसलचे नावही काढीत नाही. 'आपला समोवर घेऊन तुलेस जाणे' असे तो म्हणतो. इंग्रजी-रशियन कोशांत हे दोन वाक्प्रचार जोडीने मांडलेले असतात, आणि ते पाहून वाचकास वाटते, की भाषांतराचे काम संपले. एका गावाच्या जागी दुसरे गाव ठेवले म्हणजे झाले. हे खरोखर इतके सोपे आहे काय, ते त्या दुसऱ्या गावी जाऊन पाहावे, अशी माझी बरेच दिवसांची इच्छा होती. माझा पुतण्या रशियात वैद्यकाचे शिक्षण घेत आहे. त्याला सुटी मिळताच आम्ही दोघे मॉस्कोहून निघालो.

तुला हे शहर मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे १८५ किलोमीटरांवर आहे. त्याचे नाव ऐकून मराठी माणसास हसू आल्यावाचून राहत नाही. तिकिटाच्या खिडकीशी 'तुला, तुला' असे म्हणताना कोणास काही देऊ करीत असल्यासारखे वाटते! गाडी शहराबाहेर पडली, की दोन्ही बाजूंस पांढऱ्या सालीच्या भूर्जवृक्षांच्या रांगा लागतात, आणि मधून मधून लाकडी घरांची खेडी दिसतात.

तुला हे लोहारकामाचे गाव. उपा नदीच्या काठी तेथील लाल विटांचा किल्ला उभा आहे. तो १५२० मध्ये पुरा झाला. पहिल्या पीटर बादशहाने १७१२ मध्ये येथे शस्त्रांचा सरकारी कारखाना काढण्याचा हुकूम दिला. धातूवर हात बसलेले असे कारागीर जेथे पिढ्यान् पिढ्या नांदले, तेथेच १७७८ च्या सुमारास लिसीत्सिन बंधूंनी समोवर घडविण्यास आरंभ केला. पुढे हा धंदा इतका वाढला, की समोवर म्हटले की तुला, हे समीकरणच होऊन बसले. किल्ल्याशेजारच्या संग्रहालयात लहानमोठे समोवर ओळीने मांडलेले आहेत. आपल्या बंबाशी त्याचे जवळचे नाते आहे. मध्ये उभी नळी, तीत पेटते कोळसे, भोवती पाणी आणि खाली तोटी. वर चहाची किटली ठेवावयाची. तीत चहाचा दाट अर्क असतो. तो पेल्यात थोडासा ओतून त्यावर तोटीचे कढत पाणी सोडावयाचे. 'सम' म्हणजे स्वतः आणि 'वर' म्हणजे शिजविणे. म्हणजे शब्दशः भाषांतर केले, तर समोवर हा आपला 'स्वयंपाकी' ठरतो.

हे सर्व पाहिल्यावर त्या वाक्प्रचारातील विनोद डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याबरोबरच त्यातील अडचणही ध्यानात येते. समजा, एखाद्या इंग्रजी कादंबरीत लंडनचा कारकून आपल्या मित्रास न्यूकॅसलच्या कोळशावरून टोमणा मारीत आहे. भाषांतरकाराने त्याच्या तोंडी तुलेचा समोवर घातला, तर अर्थ पोहोचला. पण तो कारकून एका क्षणात लंडनचा राहिला नाही! एकोणिसाव्या शतकात इरिनार्ख व्वेदेन्स्की याने डिकन्सच्या कादंबऱ्या रशियनमध्ये आणल्या, त्या अशाच रशियन पेहरावात आणि पदरची पुष्कळ भर घालून. कोर्नेय चुकोव्स्की या थोर लेखकाने भाषांतरकलेवरील आपल्या 'उच्च कला' या ग्रंथात व्वेदेन्स्कीचे हे दोष कठोरपणे दाखविले आहेत; पण डिकन्सचा जिवंत स्वर त्याला सापडला होता, हेही त्याने मोकळ्या मनाने मान्य केले आहे. शब्दाला जपावे की हास्याला, हा प्रश्न तेथे प्रामाणिकपणे विचारलेला आहे.

दोन्ही साधल्याचीही उदाहरणे आहेत. इंग्रजीत 'टोपीवाल्यासारखा वेडा' अशी म्हण आहे, आणि तिच्यातूनच 'अॅलिस' या पुस्तकातील वेडा टोपीवाला जन्मास आला. रशियनमध्ये टोपीवाल्याच्या वेडाचा काहीच संकेत नाही. नीना देमुरोवा यांचे रशियन भाषांतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी या पात्राचे नाव 'बोल्वान्श्चिक' असे ठेवले. 'बोल्वान' म्हणजे टोपी ज्यावर चढवून घडवितात तो लाकडी ठोकळा. आणि 'बोल्वान' म्हणजेच मठ्ठ मनुष्य. धंदा तोच राहिला आणि थट्टाही राहिली.

या प्रश्नावरची सर्वांत मार्मिक गोष्ट तुलेचीच आहे, हा योगायोग मोठा गमतीचा होय. निकोलाय लेस्कोव्ह याने १८८१ मध्ये 'लेव्शा', म्हणजे 'डावखुरा', ही कथा लिहिली. तीत इंग्रज कारागीर खऱ्या पिसूएवढी पोलादी पिसू तयार करून रशियाच्या बादशहास देतात. किल्ली दिली, की ती पिसू नाचू लागते. आमचे लोक याहून सरस आहेत, हे दाखविण्यासाठी पुढचा बादशहा ती तुलेच्या कारागिरांकडे पाठवितो, आणि ते त्या पिसूच्या पायांना नाल मारतात! नालांचे खिळे तर डावखुऱ्याने केलेले. ते सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. सर्व दरबार थक्क होतो. मात्र नालांच्या भाराने पिसूचे नाचणे कायमचे थांबते.

लेस्कोव्हने हे भाषांतराविषयी लिहिले नाही. तरी दुसऱ्याच्या भाषेतील विनोद आपल्या भाषेत आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी, असे मला वाटते. नाल कितीही सुबक बसले, तरी शेवटी पिसू नाचते की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

परतीच्या गाडीत आमच्यासमोर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. पुतण्याची परीक्षा जवळ आली आहे, हे कळताच त्या म्हणाल्या, "नी पुखा, नी पेरा!" म्हणजे 'ना लव मिळो, ना पीस!' यावर पुतण्याने तत्काळ उत्तर दिले, "क चोर्तू!" म्हणजे 'सैतानाकडे जा!' मी चपापलो. पण बाई प्रसन्नपणे हसल्या. मग पुतण्याने उलगडा केला : "काका, हा शिकाऱ्यांचा शब्द. 'भरपूर शिकार मिळो' असे उघड म्हटले, तर दृष्ट लागावयाची. म्हणून उलटे बोलावयाचे. आणि आभार मानले तर शुभेच्छा फुकट जाते, म्हणून हे उत्तर." इंग्रज नटास रंगभूमीवर जाताना 'पाय मोड' असे म्हणतात, तेही याच भयाने. कोशकार हे दोन्ही शेजारी मांडतो. पण आपणांस ते समजण्यासाठी कोश कशास हवा? आपल्या घरातून निघणारा मनुष्य 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढली' असे म्हणावयाची आपली रीत आहे. शब्द निराळे आहेत. पण अशुभाला हुलकावणी देण्याची युक्ती एकच आहे.

खरे सांगावयाचे तर पुष्कळ ठिकाणी इंग्रजीहून रशियन आपणांस जवळची वाटते. इंग्रज आजोबांना आणि कुत्र्याला एकाच सर्वनामाने हाक मारतो. रशियनमध्ये 'ती' आणि 'व्ही' आहेत, म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. त्यामुळे इंग्रजी कादंबरीतील नायक-नायिका नेमक्या कोणत्या पानावर एकमेकांस 'तू' म्हणू लागली, हे भाषांतरकारालाच ठरवावे लागते. इंग्रज थंड 'असतो'. रशियन मनुष्यास आपल्यासारखी थंडी 'वाजते', म्हणजे तो 'मला'पासून वाक्य सुरू करतो. आवडणेही तसेच. पित्याचे नाव मधे घालून पूर्ण नाव सांगण्याची त्यांची पद्धत तर आपल्या घरातलीच वाटावी.

या जवळिकीचा उपयोग केवळ करमणुकीपुरता नाही. पुतण्याची व्याख्याने इंग्रजीत होतात. परंतु खाटेवरचा रोगी रशियनच बोलणार. रुग्णालयात एक म्हातारा शेतकरी त्याला पुन्हा पुन्हा सांगे, "दुशा न्ये ना म्येस्त्ये." शब्दशः अर्थ, 'आत्मा जागेवर नाही'. इंग्रजी पाठ्यपुस्तकात या तक्रारीसाठी एक कोरडा शास्त्रीय शब्द आहे. तो कागदावर लिहून पुढच्या खाटेकडे वळता आले असते. पण पुतण्याच्या मनात आपोआप मराठी उमटले : 'जीव थाऱ्यावर नाही.' आपल्या घरी कोणी असे म्हटले, तर आपण त्याची नाडी पाहत नाही, 'काय झाले?' असे विचारतो. तसेच त्याने विचारले. तेव्हा कळले, की म्हाताऱ्याची बायको खेड्यात एकटीच होती, बर्फ पडत होते आणि चुलाण्याची लाकडे फोडून द्यावयास कोणी नव्हते. परिचारिकेने शेजाऱ्यास दूरध्वनी केला. त्या रात्री म्हातारा झोपला.

हे ऐकताना मला डावखुऱ्याचा अंत आठवला. लेस्कोव्हच्या कथेत तो इंग्लंड पाहून परत येतो, आणि कंगाल लोकांच्या रुग्णालयात मरतो. इंग्रज आपल्या बंदुका विटेच्या चुऱ्याने घासत नाहीत, आपणही घासू नयेत, हा निरोप बादशहास पोहोचवा, अशी त्याची शेवटची विनवणी असते. एक वैद्य तो निरोप घेऊन मंत्र्याकडे जातो. पण आपल्या औषधांपुरते पाहा, असे सांगून मंत्री त्याला घालवून देतो. तो निरोप पोहोचता, तर क्रिमियाच्या युद्धाचा रंग निराळा झाला असता, असे कथेत म्हटले आहे. एका देशातले वाक्य दुसऱ्या देशात न पोहोचण्याची किंमत काय असते, ती लेस्कोव्हने अशी सांगितली आहे.

पुतण्याने तीन रकान्यांची एक वही केली आहे : इंग्रजी, रशियन, मराठी. इंग्रजीत मांजरे-कुत्री कोसळतात, रशियनमध्ये बादलीने पाऊस ओततो, आपल्याकडे तो मुसळधार पडतो. ही ओळ पुरी आहे. 'येतो'च्या ओळीत इंग्रजीचा रकाना रिकामा आहे. तुलेच्या समोवरापुढे मराठीचा रकाना रिकामा होता, म्हणून मॉस्कोस पोहोचल्यावर त्याने घरी दूरध्वनी करून आजीस विचारले. आजीने सर्व हकीकत नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "माहेरी जाताना लोणच्याची बरणी कशाला रे न्यायची?" त्याने ते तसेच उतरवून घेतले. तीत कोणत्याही गावाचे नाव नाही. ज्या सुनेने ती ओळ वाचावी, तिने आपल्या गावाचे नाव मनातल्या मनात घालावे.