तुळतुळीत

एका निसर्गनिबंधाचा अनुवाद करताना ओलिब्रस एनिअस भेटला. युरोपात कॅमोमाइलच्या फुलांवर राहणारा, जेमतेम अडीच मिलिमीटरचा भुंगेरा. ‘एनिअस’ म्हणजे लॅटिनमध्ये काशाचा, रंगही तसाच. त्याच्या फॅलॅक्रिडी कुळाला इंग्रजीत चमकते पुष्पभुंगेरे म्हणतात. कुळाचं शास्त्रीय नाव मात्र ग्रीक ‘फालाक्रोस’वरून आलंय. म्हणजे चक्क टकल्या! एका भाषेला चकाकी दिसली, दुसरीला केस नसणं. मी कुणाची बाजू घ्यायची?

संपादक म्हणाले, सरळ ‘किडा’ लिहा, वाचकाला काय फरक पडतो? पडतो. किडा म्हटलं की हात झटकायलाच पुढे येतो.

मी ‘तुळतुळीत भुंगेरा’ लिहिलं. आपल्याकडे टक्कल तुळतुळीत असतं, आणि चिंचोकाही.