सर, उंची बघा

येलहंका न्यू टाऊनमध्ये राहणाऱ्याला फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प बसायची सवय लागते. हवाई दलाच्या तळावरून उठलेलं विमान डोक्यावरून जातं, तेवढा वेळ पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. बेंगळुरूला हा तळ आठवतो तो दर दोन वर्षांनी, एरो इंडिया या विमान-प्रदर्शनाच्या गर्दीत. एरवी इथं मुकाट्यानं शिकवणं चालतं. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टर, म्हणजे दोघा-तिघांनी मिळून चालवायची यंत्रं, हा इथला विषय. फेब्रुवारी 2019 मध्ये इथल्याच 112 हेलिकॉप्टर युनिटमधला अभ्यासक्रम पुरा करून फ्लाइट लेफ्टनंट हीना जयस्वाल देशातल्या पहिल्या महिला फ्लाइट इंजिनियर झाल्या.

फ्लाइट इंजिनियर हा कॉकपिटमधला तिसरा माणूस. सुकाणू त्याच्या हातात नसतं, पण सगळे काटे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली, तेव्हा शंका आली होती ती अशाच तिसऱ्या माणसाला. केएलएमचं विमान धावपट्टीवर दौडू लागलं होतं. समोरचं विमान बाजूला झालंय ना, असं त्यानं विचारलं. कॅप्टन कंपनीतला मोठ्या मानाचा. तो ठासून ‘हो’ म्हणाला. इंजिनियरनं पुन्हा विचारलं नाही.

त्या आणि तशा अपघातांतून जगभरच्या वैमानिकांना एक नवा धडा शिकवायला सुरुवात झाली: क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. नाव भारदस्त, मुद्दा साधा. कनिष्ठानं बोलायचं आणि वरिष्ठानं ऐकायचं. आधी विचारायचं, मग काळजी स्पष्ट सांगायची, तरी फरक पडला नाही तर अडवायचं. ‘सर, उंची बघा’ हे उद्धटपण नाही, ते कर्तव्य आहे, हे तरुण सहवैमानिकाच्या जिभेवर बसेपर्यंत घोटून घेतलं जातं.

मी स्वतः वैमानिक नव्हते. हवाई दलाच्या शिक्षण शाखेत शॉर्ट सर्व्हिसवर होते. गणवेश उतरवल्यावर कायद्याकडे वळले. आता गणवेशातल्या माणसांना लैंगिक छळ रोखण्याचं प्रशिक्षण देते आणि काही अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. या कामाकडे वळण्याचं कारण एक जेवण आहे. 1999 साल. तळाचं नाव सांगत नाही. मेसमध्ये एक वरिष्ठ अधिकारी माझ्या अंगावरच्या गणवेशाचं शब्दांनी माप घेत होते, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. टेबलावर आम्ही सात जण होतो. एकानं लोणचं मागितलं. बाकीचे ताटात बघत राहिले. त्यातले तिघे वैमानिक होते. आकाशात दोनशे फुटांची चूक दिसली तर कॅप्टनला टोकणारे!

त्यांना दुष्ट म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, त्या टेबलावर काय म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आजही आपण बहुतेक ठिकाणी जे शिकवतो ते काय असतं? दुपारचं जेवण झाल्यावर तीनशे रिक्रूट हॉलमध्ये बसवायचे. पडद्यावर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या पॉश कायद्याची कलमं. पंखा फिरतोय, माना डुलतायत. शेवटी रजिस्टरवर सह्या, एक फोटो, ‘क्लास हो गया’. कायद्याच्या 19व्या कलमानं ठरावीक काळानं कार्यशाळा घेणं हे नियोक्त्याचं कर्तव्य ठरवलं आहे, ते कागदावर पार पडतं. मीही अशी व्याख्यानं पुष्कळ दिली आहेत, म्हणून खात्रीनं सांगते: ती रजिस्टरसाठी असतात.

अमेरिकेनं तर हे आपल्या कितीतरी आधी आणि पैसा ओतून केलं. तिथं दरवर्षी प्रत्येक सैनिकाला हे प्रशिक्षण सक्तीचं आहे. तरी त्यांच्याच संरक्षण खात्याच्या पाहणीचा अंदाज 2021 साली सुमारे 36 हजार आणि 2023 साली सुमारे 29 हजार सैनिकांवर अत्याचार झाल्याचा होता. 2020 मध्ये टेक्ससच्या फोर्ट हूडमध्ये व्हेनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिकाचा खून झाला. आपला छळ होतोय हे तिनं घरच्यांना सांगितलं होतं. रीतसर तक्रार करायची तिला भीती वाटली. चौकशीनंतर 14 अधिकारी आणि वरिष्ठांना पदावरून हटवलं किंवा निलंबित केलं गेलं. स्लाइड्स तिथंही होत्याच.

म्हणून आता मी म्हणते, रिक्रूटांऐवजी मला उस्तादांना, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकांना, शिकवू द्या. फौजेत रिक्रूटाचं जग उस्तादाच्या मुठीत असतं. सुट्टी त्याच्या शिफारशीवर, रात्रीचा पहारा त्याच्या यादीवर, रगडा त्याच्या मर्जीवर. छळ करणारा याच यादीचा वापर करतो आणि थांबवू शकणाराही बहुधा त्याच यादीच्या आसपास असतो. पंचवीस उस्ताद गोल बसवायचे, एक प्रसंग द्यायचा आणि प्रत्येकाकडून वाक्य मोठ्यानं म्हणवून घ्यायचं. मनात नको, मोठ्यानं. पहिल्या फेरीत दांडगे हवालदारही अडखळतात. परेड ग्राउंडवर ज्यांच्या आवाजानं कावळे उडतात, ते ‘साहेब, हे बरोबर नाही’ एवढे चार शब्द पुटपुटतात.

एका वर्गात गडहिंग्लजकडचा एक नाईक चहाच्या सुट्टीत हळूच मराठीत म्हणाला, ‘मॅडम, सायबाला तोंडावर नाय बोलता येत. पण “साहेब, गाडी लागलीय” म्हनून उठवून न्यायला येतंय की.’ हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेव्हापासून मी ते शिकवते. खोटं बोलणं आहे, मान्य. पण मुलगी त्या खोलीतून सुटते.

दुसरा धडा पहिल्या दहा मिनिटांचा. तक्रार समितीकडे पोचायच्या आधी कुणाच्या तरी कानावर पडते: बरॅकमधली मैत्रीण, नर्सिंग असिस्टंट, सुभेदारसाहेब. यातला भला माणूसच जास्त घोटाळा करतो. ‘सकाळी दोघांना समोरासमोर उभं करतो,’ म्हणतो. त्याला सांगावं लागतं: बाबा, तपास तुझं काम नाही. ऐक, समितीचा रस्ता दाखव, आणि तोंड बंद ठेव. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारदार बाईला लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची, असं कायद्यातच आहे. गोपनीयताही कायद्यातच आहे. बलात्काराची घटना असेल तर आधी दवाखाना. आणि तिथं ‘टू फिंगर टेस्ट’ कुणी करू पाहिली तर तो गैरवर्तनाचा दोषी, हे सर्वोच्च न्यायालयानं 31 ऑक्टोबर 2022 ला स्पष्ट सांगितलं आहे.

गोपनीयता फौजेत बाहेरच्यापेक्षा अवघड. आपल्या बेळगावच्या सांबऱ्यातून डिसेंबर 2023 मध्ये अग्निवीरवायू मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली: बावीसशेहून अधिक प्रशिक्षणार्थींत मुली 153. खडकवासल्याच्या एनडीएतून 30 मे 2025 ला पहिल्या 17 जणी पदवी घेऊन निघाल्या. अशा ठिकाणी ‘एका मुलीनं तक्रार केलीय’ एवढं वाक्य म्हणजे नाव सांगण्यासारखंच.

फौजेला सगळं झटपट हवं असतं, तेही इथं नडतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीनं सुनावण्या इतक्या घाईत उरकल्या की सर्वोच्च न्यायालयानं 12 मे 2023 ला बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. चौकशीला कायदा नव्वद दिवस देतो. चार दिवसांत ‘निकाल लावून दाखवतो’ म्हणणारा अधिकारी तक्रारदार बाईलाच वर्षानुवर्षं कोर्टात अडकवतो.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम वर्गाच्या मध्यावर काढते. पॉश कायद्यात तक्रारदार फक्त स्त्री असू शकते. पण बरॅकमधल्या अठरा वर्षांच्या पोराचं काय? त्याच्यासाठी लष्कर आणि हवाई दल कायद्यांची 46वी कलमं आहेत, अश्लील आणि क्रूर वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. हे सांगितलं की हॉल एकदम स्तब्ध होतो. तोवर तो ‘लेडीज लोगों का क्लास’ असतो. मग माना वर होतात, आणि खाली बघणारे दोन-चार जण नंतर एकेकटे भेटायला येतात. त्यांनी काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. तीनशे रिक्रूट देऊ म्हणाले होते. मी चाळीस उस्ताद मागितले. पंचवीस मंजूर झाले आणि सकाळचे दोन तास. प्रोजेक्टर नको, असं मी अर्जातच लिहिलं आहे.