इंजिन असं पाहिजे, जे आपल्या तालुक्यात दुरुस्त होतं

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, गाडी घ्याची आहे, कोणती घेऊ?" कापूस-सोयाबीनचे पैसे हातात येणार असतात. कोणी नवीन बघतं, कोणी जुनी. मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, अमक्या गाडीत टर्बो आहे, तमकीत एवढी अश्वशक्ती आहे.

माझं उत्तर बरेच वर्षांपासून एकच आहे. घरच्या वापरासाठी साधं, बिनटर्बोचं छोटं पेट्रोल इंजिन घ्या. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण यात फक्त गाडीचा नाही, धोरणाचाही विषय आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाळिशीच्या आतबाहेर अश्वशक्ती. त्याच मापाचं इंजिन ओम्नीत होतं. पुढे २००० साली आलेल्या अल्टोतही ७९६ सीसीच, फक्त सुधारलेलं, साधारण ४७ अश्वशक्ती आणि ६२ न्यूटन मीटर टॉर्क. आज हे आकडे पाहून पोरं हसतात. पण याच आकड्यांनी आपल्या जिल्ह्यातले पेशंट यवतमाळ-नागपूरला पोचवले, वराती नेल्या, शाळेची पोरं नेली.

हे इंजिन टिकतं कशानं? त्यात जादू काही नाही. पिस्टन खाली जातो, तेव्हा बाहेरची हवा आपल्याच दाबानं आत येते. हवा कोंबणारा पंखा नाही. टर्बोचा पंखा धुराच्या उष्णतेत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला ऑइल चांगलंच लागतं आणि वेळेवरच लागतं. एक उदाहरण बघा. ९९८ सीसीचं साधं इंजिन ६७ अश्वशक्ती आणि ८९ न्यूटन मीटर देतं. त्याच मापाचं, त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन १०० अश्वशक्ती आणि १४८ च्या आसपास न्यूटन मीटर देतं. माप तेच, काम दीडपट. म्हणजे आतली उष्णता आणि दाबही वाढला. टर्बो वाईट नाही, पण त्याला जपणारा माणूस आणि जवळ वर्कशॉप पाहिजे.

आणि आपलं भौगोलिक गणित काय? सोळा तालुके. वणी एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या टोकाला. झरी जामणी किंवा महागावकडच्या माणसाला गाडी बंद पडली तर कंपनीचं वर्कशॉप दिसत नाही, चौकातला मिस्त्री दिसतो. तीन प्लग, एक बेल्ट, साधी वायरिंग. हे त्याच्या हाताखालचं इंजिन आहे. सामानही तालुक्याच्या दुकानात मिळतं. माहितीपत्रकात हे कुठंच छापलेलं नसतं, पण आपल्यासाठी सगळ्यात मोठं स्पेसिफिकेशन हेच.

उणीवही सांगतो. चार माणसं, एसी चालू आणि पुसदच्या बाजूचा घाट असला की दुसरा गिअर टाकावाच लागतो. उभ्या गाडीत थोडं थरथरतं, तीन सिलिंडरचा तो स्वभावच. आणि इंजिन टिकाऊ म्हणजे गाडी सुरक्षित असं बिलकुल नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत अल्टो ८०० ला शून्य तारे मिळाले होते. जुनी घ्याल तर वेग आवरा, पट्टा लावा. नवीन घ्याल तर एअरबॅग मोजूनच घ्या.

मग ही इंजिनं मरतात कशानं? आमचे एक मिस्त्री म्हणतात, "इंजिन चालवल्यानं नाही मरत भाऊ, पाण्यानं मरते." मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर. लोक कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये भरतात. क्षार साचतात, नळ्या बुजतात, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊन हजारोंचं काम निघतं. तीन गोष्टी सांभाळा: कूलंट, वेळेवर ऑइल आणि टायमिंग बेल्ट असेल तर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदलणं. काटा लालकडे गेला की तिथंच थांबा, "गावापर्यंत जाऊ दे" म्हणू नका.

आता धोरणाचं. पंपावर ई२० पेट्रोल आलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. उद्देश वाईट नाही. तेलाची आयात कमी होते, ऊस-मक्याला गिऱ्हाईक मिळतं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के घटेल असं लिहिलं होतं. म्हणजे १८ देणारी गाडी १७ च्या खाली. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं. इंजेक्शनच्या गाड्या मिश्रण थोडंफार जुळवून घेतात. कार्बोरेटरच्या जुन्या ८०० ला ते जमत नाही.

त्याच अहवालात जुन्या गाड्यांसाठी ई१० मिळत राहावं, असंही होतं. ते गेलं कुठं? त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवायची फी दहा हजार झाली. एमएच-२९ च्या किती गाड्या या वयाच्या आहेत, रस्त्यावर उभं राहून बघा. त्या हौसेनं ठेवलेल्या नाहीत. मालकाला दुसरी परवडत नाही म्हणून आहेत.

माझं म्हणणं एवढंच. जी गाडी धूर सोडते, ब्रेक धरत नाही, ती मोडीत काढा, कोणाची हरकत नाही. पण धड चालणाऱ्या जुन्या गाडीला तिच्या लायकीचं पेट्रोल द्या. किमान तालुक्याला एका पंपावर ई१० ठेवा. ते जमत नसेल, तर मायलेज घटतं त्या मानानं ई२० चा दर उतरवा. पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर लोकल आहे, मेट्रो आहे. आपल्याकडे शेवटची एसटी गेली की गावात उभी असलेली ती जुनी अल्टोच अँब्युलन्स असते.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर किती किलोमीटर झाले आणि ई२० नंतर मायलेजमध्ये फरक पडला का, खरे आकडे लिहा. आमदार-खासदारांना निवेदन द्यायचं तर हाती हिशोब पाहिजे.