ट्रेल रिज रोड आणि दोन गाड्या

त्याचं असं झालं. आमच्या जुन्या सेडानने दीड लाख मैल पुरे केले आणि एका सकाळी गॅरेजमध्येच मान टाकली. लगेच घरात ‘मोठी की छोटी’ हा वाद सुरू झाला. डेन्व्हरच्या बर्फात चारही चाकांना ताकद देणारी गाडी बरी, एवढ्यावर एकमत होतं. पुढे मात्र दोन पक्ष पडले. एका पक्षाला हवी होंडा पायलट: तीन रांगा, आठ माणसं, व्ही-सिक्स इंजिन. दुसऱ्याला होंडा एचआर-व्ही: दोन रांगा, पाच माणसं, लांबीला वीस इंच कमी. एरवी आम्ही चौघंच. पण दर दोन वर्षांनी नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि आम्ही सहा होतो. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

इंजिनिअरच्या घरातला वाद म्हटला की एक्सेलचा तक्ता आलाच. २०२३ च्या मॉडेलांचे सरकारी आकडे मांडले. चारही चाकं चालवणारी पायलट गॅलनला सरासरी २१ मैल देते, तशीच एचआर-व्ही २७. वर्षाला १२,००० मैल धरले तर फरक पडतो सुमारे १२७ गॅलनचा. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘आई-बाबा: दोन वर्षांत महिने ६’. हा आकडा बदलला की निकाल बदलायचा!

२०२४ च्या जूनअखेर आई-बाबा इथेच होते. एका मित्राने आपली एचआर-व्ही दोन दिवसांसाठी दिली, पायलट आम्ही भाड्याने घेतली, आणि एकेक गाडी चालवत आम्ही दोघं रॉकी माउंटन नॅशनल पार्ककडे निघालो. परीक्षा घ्यायची तर ट्रेल रिज रोडवरच घ्यावी!

वाटेत आम्ही बाबांना आपली फुशारकी सांगितली. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर, सुमारे ५,४०० फूट. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. म्हणजे आम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर दूध-भाजी आणतो. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले बाबा एवढंच म्हणाले, “मग गाडीचा दम बघा आधी.”

बोल्डर, लायन्स करत एस्टेस पार्क गाठलं की ७,५२२ फूट होतात. तिथून ग्रँड लेकपर्यंतचा हा ४८ मैलांचा रस्ता १९३२ साली खुला झाला. हिवाळाभर तो बर्फाखाली बंद असतो, उघडतो साधारण मेअखेरीस. सुमारे अकरा मैल तो झाडांच्या रेषेच्याही वरून जातो. आधी देवदारासारखी उंच झाडं, मग वाऱ्याने पिळवटलेली खुजी झाडं, आणि मग झाडच नाही. नुसतं बोटभर उंचीचं गवत, त्यात टिकलीएवढी निळी-पिवळी फुलं, आणि रस्त्याच्या कडेला पुष्कळ ठिकाणी कठडाही नाही. लांबवर सांबरांसारखे एल्क चरत होते. मुलं ओरडली, “आजी, ते बघ!” पण आजी दुसऱ्या गाडीत होती.

सर्वांत उंच जागा १२,१८३ फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा कमी मिळते, म्हणून ताकदही त्याच प्रमाणात उतरते. एचआर-व्हीच्या १५८ अश्वशक्तीतली जेमतेम शंभर उरते, पायलटच्या २८५ मधली पावणेदोनशेच्या आसपास. पायलट जड खरी, पण वजनाच्या मानाने तिच्याकडे ताकद जास्त. चढावर ती शांत होती. छोटीचं इंजिन मोठ्याने बोलत होतं, पण तीही चढली. अल्पाइन व्हिजिटर सेंटरला मात्र छोटीला लगेच जागा मिळाली आणि मोठीला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

तिथेच आईला दम लागला. ओठ कोरडे, डोकं जड. इंजिनाची हवा मोजणाऱ्या आम्हाला आईच्या छातीचा हिशोब सुचलाच नव्हता! पाणी दिलं आणि ताबडतोब खाली उतरायचं ठरवलं. पायलटची मधली सीट मागे रेलते म्हणून आम्ही दार उघडलं. पण आईचे गुडघे त्या उंच पायरीला तयार होईनात. दोघांनी धरलं तरी जमेना. शेवटी ती म्हणाली, “मला त्या छोटीतच बसव बाई.” तिथे सीट कमरेच्या उंचीला, टेकलं की बसलं.

ज्यांच्यासाठी मोठी गाडी घ्यायची म्हणत होतो, त्यांनाच तिच्यात चढता येत नव्हतं.

उतारावर बाबा पायलटमध्ये पुढे बसले होते. सारखे ब्रेक लागताना पाहून म्हणाले, “ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. कसारा असो नाहीतर तुमचा अमेरिकेतला.” गिअर खाली घेतला, ब्रेकला विश्रांती मिळाली. एस्टेस पार्कला पोचेपर्यंत आईचा श्वास सरळ झाला होता. थर्मासमधला चहा पिऊन तिने विचारलं, “एल्क कसे होते रे?” मुलांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

परतल्यावर तिने निकाल दिला. “पाहुण्यांसाठी कोणी मोठं घर बांधतं का? सतरंजी अंथरतात.” मग जरा थांबून, “आणि एवढा प्रवास आता आमच्याने होईल असं वाटत नाही.”

रात्री तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात शून्य घालायचं होतं, मग हिशोब चोख झाला असता. दोघांचाही हात धजला नाही. सहा तसाच ठेवला आणि खाली नवी ओळ घातली: ‘मोठी गाडी, लागेल तेव्हा भाड्याने’. तरीही छोटीच जिंकली.

तेव्हा वाचकहो, गाडी निवडताना मायलेज बघा, रांगा मोजा, पण घरातल्या सर्वांत दुखऱ्या गुडघ्याला आधी तिच्यात बसवून पाहा. आमची एचआर-व्ही आता दारात उभी आहे. फोनवर बाबा आधी तिचं मायलेज विचारतात, मग आमची खुशाली. आणि आम्ही दर वेळी विचारतो, “मग, कधी येताय?”