कढीपत्त्याच्या नोंदी

१
बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्षी शिटल्यासारखं काहीतरी. पुसायला गेलो. ते चालायला लागलं.

२
आठवडाभरात त्या शिटेची हिरवीगार, गुबगुबीत अळी झाली. बोट लावलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. स्वयंपाकाच्या मावशी कुंडीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, फोडणीपुरती तरी ठेवलीत का हिनं?" मोजली. अकरा पानं.

अळी कॉमन मॉरमॉन फुलपाखराची. तिच्याच कुळातल्या ब्लू मॉरमॉनला २०१५ साली महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराचा मान मिळाला. त्याच्याही अळ्या मुख्यतः लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांवर पोसतात.

३
कोपऱ्यावरच्या नर्सरीत 'फुलपाखरांची बाग' असा सहा रोपांचा संच मिळतो. सोबत कीटकनाशकाची छोटी बाटली मोफत.

४
राज्याची मानचिन्हं: शेकरू, हरियाल, तामण, आंबा, ब्लू मॉरमॉन. २०२० पासून कांदळवनातली पांढरी चिप्पीसुद्धा.

आमच्या सोसायटीची: खोटा अशोक, सायकस, लॉन. लॉनवर पाटी: 'गवतावर चालू नये.' चालायला कोणी येतही नाही. मुंगीसुद्धा.

५
गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. रेनट्रीही अमेरिकेतलाच. आमच्या रस्त्यावर इथलं म्हणावं असं झाड एकच, उंबर. ते कोणी लावलेलं नाही. गटाराच्या भिंतीतून आपणच आलंय.

६
फार दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. उंबराची फुलं दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आत असतात. तिथे पोचते एक इवलीशी गांधीलमाशी. वाट इतकी अरुंद की शिरताना बहुतेकदा तिचे पंख तुटतात. ती परत येत नाही. पाहुणा म्हणावं तर हिला.

७
सकाळी पुण्यातली वेताळ टेकडी. गिरिपुष्पाच्या दाटीतून चाललो. हे झाड मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली की जगतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत. वनीकरणाला आणखी काय हवं? पाच मिनिटं चाललो, माझ्याच बुटांचा आवाज.

मग मोकळं गवत लागलं, लोक ज्याला 'बोडका भाग' म्हणतात ते. चंडोल वर चढत गात होता. तित्तिर ओरडला. दगडावरचा सरडा मान वरखाली करत होता, सगळ्याला हो हो म्हटल्यासारखा.

८
सरकारी कागदावर माळ म्हणजे बऱ्याचदा 'पडीक'.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोकाला लांबवर दिसायला हवं, आणि उघड्या जमिनीवर अंडं घालायला जागा. बहुतेक वेळा एकच अंडं.

२०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी झाडं लावायचा संकल्प झाला. माळढोकाचा अभिप्राय मागवल्याचं ऐकिवात नाही.

९
वृक्षारोपणाचा फोटो. रोप एक, हात नऊ.

१०
पावसाच्या शेवटी टेकडीचा एक उतार केशरी-पिवळा झालेला. फोटो काढणाऱ्या एक ताई मला म्हणाल्या, "सोनकी काय फुललीय ना यंदा!" तो कॉसमॉस होता, मेक्सिकोचा. सांगावं की नाही, ठरेना. तोवर त्यांच्या फोटोत मीही आलो होतो.

११
पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पिंजून काढल्या. अशाच एका राईत मला एका आजोबांनी हटकलं होतं. माझ्या हातात काठी म्हणून उचललेली वाळकी फांदी होती. "ठेवा ती तिथंच. देवाची आहे."
"पडलेलीच होती, बाबा."
"पडलेली पण त्याचीच."

१२
सोसायटीचा पाचोळा दर सोमवारी काळ्या पिशव्यांत भरून बाहेर जातो. दर महिन्याला खताची पोती विकत येतात. दोन्हींच्या पावत्या एकाच फायलीत आहेत.

१३
समोरच्या रेनट्रीच्या वाळक्या फांदीत तांबटानं भोक पाडलं होतं. दुपारभर टुक्, टुक्, टुक्. पावसाळ्याआधी 'धोकादायक फांद्या' उतरवायला माणसं आली. काम व्यवस्थित केलं, खालचा रस्ताही झाडून घेतला.

दुपार आता शांत असते. झोप लागत नाही.

१४
राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार शहरातलं ५० वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष'. झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ८० वर्षांच्या वडाला ८० रोपं. हिशेब चोख. फक्त या उन्हाळ्यात बसायचं कुठे?

१५
'देशी झाडं लावा' म्हणून सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होतो. सातवीण लागली. एक नाही, ओळच्या ओळ, कारण रोपं तीच मिळत होती. ऑक्टोबर संपता संपता रात्री तिच्या वासानं डोकं धरतं. तक्रारअर्जावर शेजारी सही मागायला आले.

मी म्हणालो, वाचून देतो. अजून वाचतोय.

१६
अळी गायब. कोषासाठी कुंडी, कठडा, पडदा सगळं पाहिलं. आठ दिवसांनी तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर सापडला, माझ्या बनियनशेजारी. दोरीचा तेवढा भाग आता राखीव आहे.

१७
सकाळी कोष रिकामा. फुलपाखरू दिसलं नाही. कढीपत्त्याला मात्र नवी पालवी, आणि एका पानाच्या टोकाला पिवळसर थेंबाएवढं अंडं.

१८
मावशींनी बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणली. नळाखाली धरून एकेक पान उलटंपालटं करत म्हणाल्या, "एवढ्या पानांत एक भोक नाही, दादा. काय मारलं असेल हो ह्याच्यावर?"

तीनदा धुतली.