सही नसलेली चिठ्ठी

2020 च्या मार्चमध्ये कापड बाजारातल्या आमच्या दुकानाला कुलूप लागले, तेव्हा घरात दोन चिंता होत्या. दुकान उघडणार कधी, ही माझी, आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही, ही थोरल्या मुलीची. पहिल्या चिंतेचे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांतून थोडेथोडे मिळत गेले. दुसरीचे मिळायला ऑगस्ट संपत आला.

पुणे, नाशिक आणि आपला नगर, असे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. गणेशखिंडीतून निघालेले परिपत्रक आधी संकेतस्थळावर, मग महाविद्यालयाच्या कार्यालयात, तेथून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि शेवटी अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या एखाद्या वस्तीवरच्या मुलापर्यंत, असा त्याचा प्रवास. एरवी त्यात चार दिवस गेले तरी कोणाचे बिघडत नसे. महाविद्यालयात सूचनाफलक होताच. टाळेबंदीत त्या फलकापुढे उभे राहणारे कोणी उरले नाही.

त्यातही अडचण अशी, की सांगण्यासारखे निश्चित काही विद्यापीठाच्या हातात नव्हते. एप्रिलच्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैमध्ये परीक्षा घ्याव्यात असे सुचवले. जूनमध्ये राज्य शासनाने सरासरी गुणांवर पदवी देण्याचे ठरवले. 6 जुलैला आयोगाने पुन्हा कळवले, की अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागेल. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या काळात ‘अद्याप ठरलेले नाही’ एवढेच प्रामाणिक उत्तर होते आणि ते ऐकण्याची आम्हा पालकांची तयारी नव्हती. मार्केट यार्डात भाव फुटेपर्यंत निमूट थांबणारे आम्ही, पण मुलांच्या बाबतीत आमचा धीर सुटला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका गटावर पत्र आले. वर बोधचिन्ह, खाली ठळक अक्षरांत ‘अंतिम वर्षाच्या सर्व परीक्षा रद्द’. मी ते वाचले, मुलीला दाखवले आणि चार ठिकाणी पुढे पाठवले. मुलीने एकदाच विचारले,

“पप्पा, यावर जावक क्रमांक कुठे आहे?”

“बेटा, सगळीकडे आले आहे. खोटे कसे असेल?” मी म्हणालो.

तिने पुस्तके आवरली नाहीत, हे तिचे शहाणपण. माझे वडील पेढीवर आलेली हुंडी अक्षर, सही आणि मिती तपासल्याखेरीज सकारत नसत. त्यांच्याच गादीवर बसणाऱ्या मी, क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही, अशी चिठ्ठी डोळे झाकून सकारली आणि वर चौघांकडे फिरवली.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण आपल्या नगरमध्येच घेतले होते. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने त्या गेल्या. त्या वर्षी पुण्यात सरकारने गोरे सोजीर पाठवून घराघरांच्या झडत्या घेतल्या आणि लोक भयाने आजारी माणसे लपवू लागले. हुकूम घरोघर पोहोचला होता, पण समजावून सांगणारे माणूस त्याच्याबरोबर आले नव्हते. हे सारे मी नंतर वाचले. तोवर असे एक माणूस आमच्याही दाराशी येऊन गेले होते.

28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला: परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेविना पदवी नाही. विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये परीक्षा ठरवली. बहुपर्यायी प्रश्न, 50 गुण, एक तास, घरून किंवा केंद्रावर. सप्टेंबरच्या अखेरीस दुकानात फोन आला. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका होत्या. संध्याकाळी आमच्या दुकानात कामाला येणाऱ्या मुलाचे नाव घेऊन त्या म्हणाल्या, “याने पर्याय भरलेला नाही आणि मोबाईलही बंद आहे. प्रवेश अर्जावर दुसरा क्रमांक तुमच्या दुकानाचा आहे, म्हणून त्रास दिला.” अशा मुलांची यादी घेऊन त्या तीन दिवस एकेकाला शोधत होत्या. हे त्यांना कोणी सांगितले होते की त्यांनी आपणहून केले, हे विचारायचे मला सुचले नाही.

मुलगा मार्चमध्येच पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी गेला होता. तिथल्या किराणा दुकानदाराची ओळख काढून त्याला फोनवर बोलावले. परीक्षेचे सांगताच तो म्हणाला, “शेठ, परीक्षा तर रद्द झाली ना? तुम्हीच पाठवलं होतं.”

मी खुर्चीत बसलो. त्याने पुस्तके मित्राला देऊन टाकली होती. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायचे म्हणून मुकादमाकडून उचलही घेतली होती. पदवीच नुसती मिळणार असेल तर घरी बसून काय करायचे, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याला दिलेला आकडा चुकीचा होता. संवत्सरीला मी दोनेकशे जणांना एकाच संदेशात ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवले होते. त्यात त्याचाही क्रमांक होता. कशाची क्षमा मागतो आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. या वेळी ठाऊक होते आणि फोनवर शब्द फुटेना. “उद्याच्या एस.टी.ने ये, मुकादमाचे मी बघतो,” एवढेच म्हणालो.

तो आला. माडीवरच्या खोलीत त्याची सोय केली. मुलीने आपली पुस्तके आणि टिपणे त्याच्यापुढे ठेवली. विषय तेच होते. त्याचा पर्याय भरायचे काम प्राध्यापिकाबाईंनी फोनवर सांगून आमच्याकडून करून घेतले. त्याने केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायचे ठरवले, कारण त्याच्या मोबाईलवर त्याचा भरवसा नव्हता.

संध्याकाळी चौविहाराआधी आम्ही जेवायला बसलो. तो बराच वेळ भाकरी कुस्करत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “शेठ, तो मेसेज मी पण पुढे पाठवला होता. गावातल्या तिघांना.”

जेवण तसेच आटोपते घेतले. मुलीने वही आणली, त्याने नावे सांगितली आणि मी फोन लावत गेलो. एकाला महाविद्यालयाकडून आधीच कळले होते. दुसऱ्याच्या आईने फोन घेतला. मुलगा शेतावरून आला की सांगते म्हणाली. तिसऱ्याचा फोन बंद लागत होता.

“त्याचं कॉलेज कुठलं रे?” मुलीने विचारले आणि सकाळी तिथल्या कार्यालयात फोन करायचे वहीत लिहून ठेवले.